हैदराबादचा फुगा, कळंबचं शेत

समजा, जानेवारीतली सकाळ आहे. तुम्ही हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात गेलाय आणि बांधापलीकडे एक भलंमोठं रंगीत कापड पसरलेलं दिसतं. जवळ जाऊन बघता तर ते पॅराशूट आहे. दोऱ्यांना एक पेटी अडकलेली आहे, पेटीवर हैदराबादचा पत्ता आणि फोन नंबर. काय कराल?

हा प्रश्न मी उगाच काढत नाहीये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे टीआयएफआरचं, हैदराबादला बलून केंद्र आहे. उड्डाणांचा हंगाम आला की हे केंद्र एक जाहीर सूचना काढतं. त्यात लिहिलेलं असतं की फुग्याखालची उपकरणं पॅराशूटने खाली येतील आणि विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेच्या आसपास, हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरवर पडू शकतील. कळंब हैदराबादपासून सरळ रेषेत साधारण ३०० किलोमीटर. म्हणजे आपण बरोबर टप्प्यात आहोत! मी कळंबचा, पीएचडी वातावरणावर, आणि तरी नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजायला मला तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

पेट-नेट-सेटची तयारी करणारी मुलं मला हमखास विचारतात, "दादा, आता एवढे सॅटेलाइट आहेत, मग फुगे कशाला?" त्याचं उत्तर देतो. पण त्यासाठी आधी हवेपेक्षा हलकं उडणं म्हणजे काय ते नीट समजून घ्यावं लागेल. परीक्षेत आर्किमिडीजचा नियम लिहिता येणं वेगळं आणि त्यातून पुढचं सगळं दिसणं वेगळं.

आपल्या ओळखीचं माप घेऊ: सोयाबीनचा एक कट्टा, ५० किलोचा. तो जमिनीवरून उचलायला किती हायड्रोजन लागेल? एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो. हायड्रोजनचा रेणुभार २, हवेचा सरासरी २९. म्हणजे तेवढ्याच जागेत हायड्रोजन हवेच्या फक्त ७ टक्के वजनाचा. उरलेलं ९३ टक्के हे तुमचं उचलबळ: घनमीटरमागे जवळपास १.१ किलो. कट्ट्याला लागले ४५ घनमीटर. बारा बाय तेरा फुटांची, दहा फूट उंचीची एक खोली धरा. एक खोली हायड्रोजन, एक कट्टा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता हेलियम. रेणुभार ४, म्हणजे हायड्रोजनच्या दुप्पट जड. मग उचलबळ निम्मं होणार का? मुलाखतीत हा प्रश्न विचारला तर दहातले सात जण "हो" म्हणतील. बघा: हेलियम हवेच्या १४ टक्के वजनाचा, उरले ८६ टक्के. ९३ विरुद्ध ८६. फरक जेमतेम ८ टक्क्यांचा. कारण उचलतो तो वायू नव्हेच, उचलते ती बाजूला सारलेली हवा. आणि गरम हवा? बाहेर २५ अंश, आत १०० अंश असेल तर आतली हवा साधारण २० टक्के हलकी. कट्ट्याला पाचेक खोल्या लागल्या. तरीही विजयपत सिंघानियांनी २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईतून गरम हवेच्या फुग्याने २१,०२७ मीटर उंची गाठली आणि सिन्नर तालुक्यातल्या पांचाळ्याजवळ उतरले. जागतिक विक्रम होता तो.

(हेलियमवरून आठवलं. विजयदुर्गावर दर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, आणि लॉकियरने हेलियम तिथूनच शोधला असं सांगितलं जातं. मीही कॉलेजात असताना एका निबंधात ते ठोकून दिलं होतं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण खरं, पण तेव्हा जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकियर भारतात नव्हताच. त्याने ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. आवडती गोष्ट दिसली की मूळ तारीख तपासायची, एवढं मी त्यातून शिकलो.)

आता कट्टा ४० किलोमीटर वर न्यायचाय. तिथली हवा जमिनीपेक्षा साधारण ३०० पट विरळ, घनमीटरला जेमतेम ४ ग्रॅम. म्हणजे त्याच कट्ट्याला ३०० खोल्या लागतील. पण गंमत अशी की वायू जास्त भरावा लागत नाही. तोच एका खोलीचा हायड्रोजन वर जाता जाता फुगत ३०० खोल्यांचा होतो. बाहेरची हवा जितकी विरळ होते तितकाच आतला वायूही विरळ होतो, त्यामुळे ७ आणि ९३ चं प्रमाण तसंच राहतं आणि उचलबळही. अट एकच, त्याला फुगायला जागा हवी. म्हणून असा फुगा सोडताना टोकाशी छोटासा बुडबुडा आणि खाली लांबच लांब मरगळलेलं प्लास्टिक, असा दिसतो. पहिल्यांदा फोटो बघणाऱ्याला वाटतं, हा भरायला विसरले की काय!

फुगा पूर्ण भरला की जास्तीचा वायू तळाच्या उघड्या नळीतून निघून जातो, आणि जिथे एकूण वजन आणि सारलेल्या हवेचं वजन जुळतं तिथे तो तरंगत राहतो. उंची ठरते ती आकारमान आणि वजनावरून. पण कुठे जायचं? ते त्याच्या हातात नाही. ते वारा ठरवतो.

हे 'कुठे जायचं' लोकांना पहिल्यापासून सतावत होतं. २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसमध्ये जाक शार्लने हायड्रोजनचा पहिला फुगा सोडला, आत माणूस नव्हता. पाऊण तासाने तो गोनेस नावाच्या खेड्यात उतरला. गावकऱ्यांना तो कोणी राक्षस वाटला, त्यांनी काटे-दाताळ्यांनी भोसकून त्याच्या चिंध्या केल्या. मग सरकारने जनतेसाठी जाहीर सूचना काढली: आकाशात ग्रहण लागलेल्या चंद्रासारखा गोळा दिसला तर घाबरू नका, ते यंत्र आहे, त्यापासून इजा नाही. टीआयएफआरची सूचना वाचताना मला नेहमी ती आठवते. सव्वादोनशेपेक्षा जास्त वर्षं गेली, अडचण तीच.

वाऱ्यावर मात करायची म्हणून एअरशिप आली. लांबट फुगा, त्याला इंजिन आणि सुकाणू. इथे एक अडचण आहे. कट्ट्यामागे एक खोली म्हटल्यावर माणसं, इंजिन, इंधन, सांगाडा उचलायला शेकडो, हजारो खोल्या लागतात. एवढं धूड हवेतून रेटायचं, तर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट, शक्ती आठपट. जास्त शक्ती म्हणजे जड इंजिन, म्हणजे आणखी खोल्या. लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की आकारमान आठपट होतं आणि पृष्ठभाग चौपटच, म्हणून मोठी एअरशिप फायद्याची. पण मोठी झाली की वादळात तिला सांभाळणं तेवढंच अवघड.

याची किंमत मोजली गेली ती आपल्याकडे यायला निघालेल्या एअरशिपने. ब्रिटिशांना इंग्लंड ते कराची अशी सेवा सुरू करायची होती. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं आणि तिथे एअरशिपसाठी प्रचंड शेड उभारून तयार होती. आर-१०१ बांधली, वजन केलं, तर उचलबळ कमी पडलेलं. मग वायूच्या पिशव्यांच्या जाळ्या सैल केल्या, म्हणजे थोडा जास्त वायू मावेल. तेही पुरेना म्हणून अख्खी एअरशिप मधोमध कापून एक नवा भाग जोडला. पुरेशा चाचण्या न करता ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ती निघाली, विमानखात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन आत होते. पाऊस आणि वारा. रात्री दोनच्या सुमारास फ्रान्समध्ये बोव्हेजवळ ती जमिनीवर आली आणि पेटली. ५४ पैकी ४८ माणसं गेली. पुढच्या भागातला वायू गळाल्याने ती खाली आली, असं चौकशीत म्हटलं. सात वर्षांनी, ६ मे १९३७ ला, अमेरिकेत हिंडेनबुर्ग जळाली, ती सगळ्यांना माहीत आहे कारण तिची फिल्म आहे. मला आर-१०१ जास्त शिकवते. हायड्रोजन पेटतो हे खरंच, पण त्याआधीच तिथे वजनाचा हिशेब चुकला होता आणि ते माहीत असूनही तारीख पुढे ढकलली गेली नाही. तुमच्या आयुष्यातही गाइड आणि डेडलाइन येणार आहेत, म्हणून सांगून ठेवतो.

एअरशिप संपल्या असं मात्र नाही. आयआयटी मुंबईत प्रा. राजकुमार पंत यांच्या लॅबने लहान एअरशिपवर बरीच वर्षं काम केलंय. ३ मे २०२५ ला डीआरडीओने मध्य प्रदेशातल्या श्योपूरहून एक एअरशिप साधारण १७ किलोमीटर उंचीवर नेली, ६२ मिनिटांची चाचणी होती. अशा एअरशिपसाठी १७ ते २० किलोमीटरचाच पट्टा का, तर खालच्या जोरदार वाऱ्यांच्या वर तिथे वारा बराच मंदावतो. म्हणजे आता वाऱ्याशी झुंजत बसण्यापेक्षा तो जिथे कमी आहे तिथे जाऊन थांबायचं, असा विचार आहे.

दुसरा रस्ता होता वाऱ्याला शरण जाण्याचा, आणि विज्ञानाला फळ दिलं ते याच रस्त्याने. ७ ऑगस्ट १९१२ ला व्हिक्टर हेस हायड्रोजनच्या फुग्यातून पाच किलोमीटरच्या वर गेला. हवेत आयन तयार करणारं प्रारण जमिनीतून येतं असा तेव्हाचा समज. तसं असेल तर वर जाताना ते कमी कमी व्हायला हवं. हेसला दिसलं की सुरुवातीला थोडं कमी होतं आणि मग वाढतच जातं. म्हणजे ते वरून येतंय. आपण इथे थांबलो असतो. हेसने मात्र त्याआधीच, एप्रिल १९१२ मध्ये, सूर्यग्रहणाच्या वेळी फुग्यातून मोजमाप करून ठेवलं होतं. सूर्य झाकला तरी प्रारण घटलं नाही, म्हणजे त्याचा उगम सूर्य नाही. हे झालं कंट्रोल. वैश्विक किरणांसाठी त्याला १९३६ चं नोबेल मिळालं ते "वाढलं" एवढ्या एका निरीक्षणावर नाही.

वैश्विक किरण हाच होमी भाभांचा विषय, त्यामुळे टीआयएफआरमध्ये फुगे आले यात नवल नाही. हैदराबादहून आजवर पाचशेहून जास्त उड्डाणं झालीत. फुग्यांची फिल्म पॉलिथिनची, अशा फुग्यांत ती साधारण २० मायक्रॉनच्या आसपास असते. बाजारात १२० मायक्रॉनच्या आतल्या कॅरीबॅगवर बंदी आहे, त्यावरून अंदाज घ्या. एवढी पातळ, कारण बहुतेक उचलबळ फुगा स्वतःला उचलण्यातच खर्च करतो. इथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे. आपल्याला वाटतं मराठवाडा म्हणजे ऊन, पण आपल्या डोक्यावर १६-१७ किलोमीटरवर तापमान उणे ८० अंशांच्या आसपास जातं. युरोपवर त्या उंचीला ते साधारण उणे ५५-६० असतं. विषुववृत्ताकडे हवा जास्त उंच चढते आणि चढता चढता थंड होत जाते. त्यामुळे तिकडे चालणारी फिल्म इथे तडकू शकते. इथल्या थंडीला टिकणारी फिल्म ही टीआयएफआरच्या लोकांची कित्येक वर्षांची मेहनत आहे, आणि त्यावर कोणी सिनेमा काढणार नाही.

मग सॅटेलाइट असताना फुगे कशाला? एक, विमानं साधारण २० किलोमीटरपर्यंत जातात आणि सॅटेलाइट दोनशेच्या खाली फार टिकत नाही. मधल्या पट्ट्यात तासन्‌तास थांबायचं तर फुगाच. दोन, ४० किलोमीटरवर गेलात की ९९ टक्क्यांहून जास्त हवा तुमच्या खाली राहते, म्हणून जमिनीपर्यंत न पोचणारे क्ष-किरण आणि अवरक्त किरण तिथे मोजता येतात. टीआयएफआरने १०० सेंटिमीटर आरशाची अवरक्त दुर्बीण अशीच फुग्याने वर नेलीय. तीन, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की उपकरण परत येतं. त्यात भरून आणलेली हवाही परत येते.

२० एप्रिल २००५ चं उड्डाण हे त्याचं उत्तम उदाहरण. प्रयोगाचे प्रमुख होते पुण्याच्या आयुकाचे जयंत नारळीकर. प्रश्न: ४० किलोमीटरवर जिवाणू आहेत का? फुगा २ कोटी ६७ लाख घनफुटांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने १७ हजार खोल्या. ४० किलोमीटरवर ३०० खोल्यांना एक कट्टा धरला तर उचलबळ साधारण ५७ कट्टे, पावणेतीन टन. त्यातलं उपकरण फक्त ४५९ किलोचं, जेमतेम नऊ कट्टे! त्यात निर्जंतुक आणि निर्वात केलेली पोलादाची १६ नळकांडी, ती द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली. झडप उघडली की एवढ्या थंडीमुळे बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठते. २० ते ४१ किलोमीटर दरम्यान वेगवेगळ्या उंचीवर हवा घेतली आणि नळकांडी पॅराशूटने खाली आली.

नारळीकर हे फ्रेड हॉइलचे विद्यार्थी, आणि जीवसृष्टीची बीजं अंतराळातून आली या मताचा हॉइल खंदा पुरस्कर्ता. म्हणजे एक उत्तर आवडण्याची शक्यता आधीपासून होती. अशा वेळी प्रयोग कसा रचायचा? नमुने दोन ठिकाणी दिले, हैदराबादच्या सीसीएमबीला आणि पुण्याच्या एनसीसीएसला. दोघांनी स्वतंत्र तपासायचं, पण पद्धत सारखी. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. जिवाणूंपैकी तीन जाती नव्या निघाल्या आणि जवळच्या नातेवाइकांपेक्षा अतिनील किरणांना जास्त चिवट होत्या. एकीला हॉइलचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. मार्च २००९ मध्ये इस्रोने हे जाहीर केलं, तेव्हा सोबत हेही लिहिलं की या जिवाणूंचा उगम पृथ्वीबाहेरचा आहे असं यातून निर्णायकपणे ठरत नाही. बातम्यांत अर्थातच पहिला भाग मोठा आणि दुसरा बारीक. पेपर वाचायला शिकाल तेव्हा आधी तो बारीक भाग शोधा.

पुढची गोष्ट मला फार आवडते. बॅसिलस आर्यभट्टाई हा जिवाणू नंतर जमिनीतही सापडत गेला. २०१४ मध्ये मध्य भारतातल्या काळ्या मातीवरचा एक अभ्यास छापून आला, त्यात याच जातीचे जिवाणू सोयाबीन आणि गव्हाला जस्त मिळवून देतात असं दाखवलंय. ज्याचं नाव ४० किलोमीटरवरच्या हवेतून आलं तो सोयाबीनच्या मुळाशी! याने २००५ चा प्रयोग खोटा ठरत नाही. तो जिवाणू खालून वर गेला असेल, कसा गेला हा पुन्हा वेगळा प्रश्न. पण "वर सापडला म्हणजे वरचा" हे वाक्य मात्र आता कोणी सहज म्हणू शकत नाही.

आणि आता शेतातल्या त्या पेटीकडे परत या. उड्डाणं साधारण हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत, रात्री आठ ते सकाळी साडेसहाच्या दरम्यान सुटतात. खाली पश्चिमेचा वारा फुग्याला पूर्वेकडे ढकलतो, वर पूर्वेचा मिळाला की तो पश्चिमेकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. डिसेंबर २०२२ मध्ये विकाराबाद जिल्ह्यात एका गावाजवळ मोठी गोल कुपी उतरली, तेव्हा परग्रहावरून काही आलं म्हणून गर्दी झाली होती. ती एका स्पॅनिश कंपनीची चाचणीची कुपी होती, हैदराबादहूनच सुटलेली.

पेटी कळंबच्या काळ्या रानात पडली तर तिच्या भोवती काय असणार? तीच माती, आणि मातीत कदाचित तोच जिवाणू. झडप घट्ट आहे तोवर आतली चिमूटभर हवा ४० किलोमीटरवरची. कोणी उत्सुकतेने पान्हा लावला, की ती आपल्या रानाची झाली आणि कोणत्याही लॅबला त्यातलं वरचं कोणतं आणि खालचं कोणतं ते सांगता येणार नाही. काही पेट्यांत उच्च दाबाची वीजही असते, म्हणजे जिवालाही धोका.

तेव्हा पेटी उघडू नका, हलवू नका, पॅराशूटचं कापड कापून नेऊ नका. पेटीवरच्या नंबरला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. हैदराबादहून माणसं येऊन घेऊन जातात, कळवणाऱ्याला बक्षीसही देतात. मी हे घरी सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "बक्षीस राहू दे, पेटी न्यायला गाडी रानात आली तर हरभरा तुडवू नका म्हणावं."